उन्हाशी उभा दावा मांडलेली माझी नणंद

विशाखाताई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती अमरावतीच्या दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरीण मुलीची परीक्षा घेत होती. मुलगी बिचारी सलाईन नीट चालू आहे का ते पाहायला आली होती. ताईच्या जिभेवर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, शब्द तोंडातल्या तोंडात घरंगळायचे, म्हणून दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून मी. "उन्हात लय फिरलं का खांद्याची कातडी सोलते नं... ते काहून सोलते, सांग बरं?" ताईनं विचारलं. मुलगी हसली, दाराकडे पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, खाटेच्या कडेला टेकून म्हणाली, "मावशी, उन्हानं त्या पेशींचा डीएनए इतका बिघडतो की तो दुरुस्त होण्यापलीकडे जातो. मग त्या पेशी स्वतःहून मरतात. आपला बिघाड पुढे वाढत जाऊ नये म्हणून." ताईनं दोन्ही हात वर उचलून टाळी वाजवली. सलाईनची नळी हिंदकळली, शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकून उठल्या. "बरोब्बर! पैकीच्या पैकी!" ताई म्हणाली, आणि मला त्याचा अनुवाद करावा लागला नाही. निघताना त्या मुलीनं ताईचा हात हातात घेतला. "उद्या मी तुम्हाला विचारीन हं, मावशी." "विचार नं," ताई म्हणाली, "तयारी करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत होते. प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती आणि मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला... मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. वाटलं, त्या मुलीचा प्रश्न राहून गेला! मग बाकीचं सगळं आलं. आता या गोष्टीला काही आठवडे झालेत. लिहायला वेळ लागला, कारण ताईबद्दल रडवं लिहिणं मला जमेना. तिची आठवण येते ती तिच्या त्या टाळीसकट येते.

विशाखाताई माझी थोरली नणंद. आमचं घर कारंजा तालुक्यात, धनजला. थोडी सोयाबीन-तुरीची शेती, मिलिंदची नोकरी, माझी शाळा, सासूबाई, आणि घराच्या मागच्या बाजूच्या खोलीत ताई. तिला ऊन चालत नव्हतं. एखाद्याला वांगं चालत नाही तसं नव्हे. ऊन तिच्या अंगाला अक्षरशः खात होतं. रांगत्या वयात सासूबाईंनी तिला वावरात नेलं होतं, चिंचेखाली झोळी बांधून निजवलं होतं. सावली सरकली, पोरीच्या तोंडावर घटकाभर ऊन आलं, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत चेहरा भाजल्यासारखा लालबुंद झाला, पापण्या सुजल्या. पुढे चालायला लागली तशी नाकावर, गालांवर, हातांवर तपकिरी ठिपके उठत गेले. उजेडात डोळे उघडेनात. शाळेत पोरी तिच्याजवळ बसायला नको म्हणायच्या, कारण त्यांच्या घरी 'काही लागून येईल' असं सांगितलेलं. सातवीनंतर ती घरी बसली ती कायमची. डॉक्टर बदलले, मलमं बदलली, कुणी उन्हाची ॲलर्जी म्हटलं, कुणी रक्तदोष म्हटलं. सासूबाईंनी मात्र मनाशी एकच कारण पक्कं धरलं होतं. ताई पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि त्यांनी भाजी चिरली होती. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, विहारात तसं सांगितलंही जातं. पण पोरीच्या तोंडावर ठिपके दिसायला लागल्यावर आईच्या मनाला कोण सांगणार?

मी लग्न होऊन आले तेव्हा ताई पंचविशीच्या पुढे गेली होती. आमचं लग्न संध्याकाळी लावलं होतं, ते तिच्यासाठी, हे मला नंतर कळलं. मी बीएस्सी झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन, आणि त्याचा थोडा तोराही होता. ताईनं पहिल्याच उन्हाळ्यात मला 'तुमी' म्हणायची बंदी केली. "तू मले अगंतुगं कर. इथं बोलाले दुसरं कोन हाय मले?" सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही, पण ताईपुढे त्यांचं चाललं नाही. त्या मागच्या खोलीत ताई अळिंबी पिकवायची. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, उकळून, गार करून, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि त्यात धिंगरी अळिंबीचं बियाणं पेरायचं. पावसाळा-हिवाळ्यात पिशव्यांच्या भोकांतून पांढरे गुच्छ फुटायचे, कारंज्याला हॉटेलात जायचे. गावात तिला 'मश्रूमवाली' म्हणत. तिला ते नाव आवडायचं. आधीच्या नावांपेक्षा बरं होतं ना!

मग तिच्या नाकपुडीवर एक गाठ आली. महिन्या-दोन महिन्यांत ती फुटली, भरेना. मिलिंद आणि मी तिला घेऊन नागपूरला गेलो. तिथल्या त्वचेच्या डॉक्टर बाईंनी तिचा चेहरा नीट पाहिला, हात पाहिले, मग आमच्याकडे वळून विचारलं, "आईवडील नात्यातले आहेत का?" होते. सासूबाई सासऱ्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, झेरोडर्मा पिगमेंटोसम. आणि मग, बाहेर मोठी रांग असताना, त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी ताईला, आम्हाला नव्हे, ताईला समजावून सांगितलं. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते प्रत्येकाच्याच कातडीतल्या पेशींत शिरतात आणि डीएनएची मोडतोड करतात. पण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं असतात, ती बिघाड शोधतात, कापून काढतात, नवा तुकडा बसवतात. तुझ्यात त्यांतलं एक प्रथिन जन्मापासून नीट बनत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन सदोष प्रती तुला मिळाल्या. त्यामुळे तुझा बिघाड साचत जातो, आणि साचता साचता त्याची गाठ होते. "यात तुझा काही दोष नाही, आणि आईचाही नाही," असं त्या म्हणाल्या. गाठ कर्करोगाची होती. ती काढायची होती.

आम्ही दोघं सुन्न झालो होतो. परतीच्या गाडीत काळ्या ओढणीत गुंडाळलेली ताई आमच्या मध्ये बसली होती. बडनेरा मागे पडलं तेव्हा ओढणीच्या आतून आवाज आला, "मित्रा..." माझं नाव संघमित्रा, ती मित्रा म्हणायची. मला वाटलं रडत असेल. तर ती हसत होती! "मित्रा, म्हंजे कोनाची नजर नाही. कोनाचा कोप नाही. एक प्रथिन बिघडेल हाय फकस्त!" ती ओढणीतच हलायला लागली. "अन् बाकी सारे लोक... म्हंजे तू, हा मिलिंद, हा ड्रायव्हर... तुमच्या अंगात रोज मोडतोड होते अन् रोज दुरुस्ती होते? रोज? अन् कोनाले पत्ताच नाही?" ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. घरी पोचल्यावर तिनं आधी आईला गाठलं. "आई, तुह्या भाजीचा अन् ग्रहनाचा काही संबंध नाही. डॉक्टरबाईनं सांगतलं." सासूबाई ओट्याला टेकून खालीच बसल्या. किती तरी वेळ नुसतं "खरंच?" "खरंच?" करत राहिल्या. पुढच्या ग्रहणाला त्यांनी विळी घेऊन अंगणात ठाण मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भोपळा चिरला. भोपळा मोठा होता, आम्ही तीन वेळा खाल्ला.

नाकावरची शस्त्रक्रिया झाली. नाकाचा आकार गेला. ताईनं आरसा मागितला, पाहिलं, "बरं हाय," म्हणाली आणि मला म्हणाली, "तुही बीएस्सीची पुस्तकं कुठं हायत?" तिथून आमच्या मे महिन्याच्या दुपारी सुरू झाल्या. बाहेर उन्हाची तपन अशी तापलेली असायची की कौलांवर पाखरू बसायचं नाही. आणि आत खिडक्यांना जाड गोधड्या लावलेल्या खोलीत, एका पिवळ्या दिव्याखाली, आम्ही दोघी. पहिला महिना मी शिकवत होते. पेशी, केंद्रक, गुणसूत्र, डीएनएच्या दोन दोऱ्या, त्यांवरची चार अक्षरं आणि त्यांच्या ठरलेल्या जोड्या. त्यानंतर आम्ही बरोबरीनं शिकत होतो, कारण मलाही पुढचं येत नव्हतं. परीक्षेपुरतं वाचलेलं मी ताईच्या शेजारी बसून पहिल्यांदा खरं वाचलं. मोबाइल आला, व्हिडिओ आले. इंग्रजी कळेना तर ती तेच तेच वाक्य थांबवून थांबवून ऐकायची आणि शब्दकोश मांडीवर ठेवायची.

एकदा शाळेत मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. मी घाबरून उचलला. "मित्रा! पेशीच्या डोक्यावर छत्री असते!" ती ओरडत होती. "काय?" "अवं, कातडीचा काळा रंग असते नं, तो पेशीत कुठंही पसरत नाही! केंद्रकाच्या डोक्यावर, उन्हाच्या बाजूनं, टोपी घातल्यावानी गोळा होते! आतला डीएनए सावलीत राहाव म्हनून! म्हंजे मानूस काळा पडते म्हंजे काय होते? पेशी छत्री उघडते!" मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या हसत सुटले. त्या दिवसापासून गोरं व्हायची क्रीम लावणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एकाही मुलीची ताईपासून सुटका नव्हती. कुणी लावलेलं दिसलं की ताई दाराआडून हटकायची, "काव, चांगली छत्री उघडेल हाय, बंद कायले करून राह्यली?" मग तिला कळलं की नुसत्या उष्णतेनंही पेशीतली प्रथिनं विसकटायला लागतात, उकडलेल्या अंड्यासारखी गोठू पाहतात, आणि तेव्हा दुसरी काही प्रथिनं धावत येऊन त्यांना धरून ठेवतात, पुन्हा घडी घालून देतात. ते कळलं त्या संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बायकांना थांबवून थांबवून ती सांगत होती, "आज लय काम झालं बरं तुमच्या अंगात!" "हो नं वं बाई, पाठीचा कना मोडला," बायका म्हणायच्या. "वावरातलं नाही, आतलं! आतलं काम!"

शेवटी विहारात एका पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, कुणी तरी म्हणालं, विशाखा काय सांगत असते ते एकदा सगळ्यांना सांगू द्या. संध्याकाळची वेळ, दिवस मावळलेला. ताई चेहऱ्यावरची ओढणी काढून उभी राहिली. तिनं फळा मागितला नाही. "बायाहो, उठा," म्हणाली, "दोन रांगा करा. समोरासमोर. एकमेकीचे हात धरा." बायका लाजत, एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. ताईनं नियम सांगितला. सासूच्या समोर सूनच पाहिजे, नणंदेच्या समोर भावजयच पाहिजे, दुसरी कोणी चालायची नाही. हशा झाला. कोण सासू, कोण सून, यावरून ओढाताण झाली, एक सत्तरीची म्हातारी सून व्हायलाच बसली होती. "हे झालं डीएनए," ताई म्हणाली. "आता ऊन आलं. ऊन आलं का काय होते? दोन सुना शेजारी-शेजारी असल्या, तं त्या सासवाइचे हात सोडतात अन् एकमेकीच्या गळ्यात पडतात! पडा!" दोघी खरंच गळ्यात पडल्या. विहारात असा हशा मी आधी ऐकला नव्हता. सासू झालेल्या दोघी हात पसरून उभ्या. "रांगेत फुगारा आला. आता एक बाई रांग चाचपत येते." तिनं मला पुढे ढकललं. मी हातांनी चाचपत गेले, फुगाऱ्यापाशी थांबले. "हिले सापडलं! आता कैचीवाल्या येतात. त्या दोघी अन् त्याइच्या आजूबाजूच्या चार-सहा जनी कापून बाहेर काढतात. पडला खड्डा. भरायचा कसा?" मग मागून एक आवाज आला, "समोर पाहून!" "कोन बोललं? बरोब्बर! समोरची रांग शाबूत हाय नं! सासू उभी असन तं इथं सून आना. भावजय उभी असन तं नणंद आना. रांग पयल्यासारखी!" नव्या बायका खड्ड्यात उभ्या राहिल्या, हात धरले गेले, आणि टाळ्या पडल्या... स्वतःच्याच दुरुस्तीला टाळ्या.

तेव्हा ती सत्तरीची म्हातारी म्हणाली, "मंग विशाखा, तुह्यात काय कमी हाय वं?" ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "माह्यात ही चाचपनारी बाई नाही, आजी. फुगारा तसाच राह्यते." मग ती पुढे झाली, म्हातारीचा सुरकुतलेला, उन्हानं रापलेला हात वर धरला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "माह्यं सोडा! हे पाहा! सत्तर वर्सं वावरात! या हातात किती खेप दुरुस्ती झाली असन, मोजता येते का कोनाले? अन् आत्ता, आपून इथं बोलून राह्यलो, तरी चालू हाय!" म्हातारी आपल्या हाताकडे नव्यानं बघायला लागली. ज्या बाईच्या अंगात ती गोष्ट नव्हती, तिला दुसऱ्याच्या अंगातल्या त्या गोष्टीचा इतका आनंद कसा होत होता, हे मला तेव्हाही कळलं नाही. आता थोडं कळतं. ते जगात आहे, एवढंच तिला पुरत होतं.

पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उन्हातला होता. माझ्या शाळेतल्या राठोड मॅडम मला रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला घेऊन गेल्या होत्या. गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, नगारे वाजताहेत, डोक्यावर चैत्राचं ऊन. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सावलीला एक बाई बसली होती, मांडीवर तीन-साडेतीन वर्षांची मुलगी. मुलगी डोळे घट्ट मिटून आईच्या पदरात तोंड खुपसत होती. पदर सरकला आणि मला ते ठिपके दिसले. नाकावर, गालांवर, अगदी ताईच्या लहानपणच्या एकुलत्या एका फोटोत आहेत तसे. मी बाजूला होऊन ताईला फोन लावला. ठिपक्यांचं सांगितलं. ताई म्हणाली, "तिथंच थांब. त्याइले हलू देऊ नको. मी येऊन राह्यली." "ताई, वेडी झालीस का? भर दुपार आहे!" "म्हनून तं. सांजच्याले ते गावाले निंघून जातीन. मंग कुठं शोधतं?" मागून मिलिंदचा ओरडा ऐकू आला, तू जायचं नाही म्हणून. आणि ताईचा आवाज, "मी एका दिवसानं मरत नाही. त्या पोट्टीचा रोज एकेक दिवस चालला. गाडी आन."

ते येईपर्यंत राठोड मॅडमनी किल्ला लढवला. त्या आपल्या बंजारा बोलीत बोलल्या, गाव विचारलं, नातं काढलं, आपल्या डब्यातलं जेवू घातलं. बाईचं नाव सुनीता, मुलगी पायल. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची माणसं, ऊसतोडीला जाणारी. देवीला नवस बोलायला आली होती, पोरीचं तोंड साफ होऊ दे म्हणून. पायलचे वडील दोनदा उठून निघायच्या गोष्टी करून गेले. प्रत्येक वेळी मॅडमना एक नवा मामा आठवायचा.

आणि मग गर्दीतून ताई आली. जाड जाकीट, दोन ओढण्या, काळा चष्मा, वर छत्री, आणि हात मिलिंदच्या खांद्यावर, कारण चष्म्यातून तिला उजेडात धड दिसत नव्हतं. लोक वाट सोडत होते. ती ट्रॉलीखाली वाकून आत शिरली, सुनीतासमोर मांडी घालून बसली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "नवस बोल, माय. मी नाही म्हनत नाही. पन त्याच्या पयले हे पाह्य." तिनं ओढणी सोडली, चष्मा काढला. तोवर गाठींपायी तिचा एक डोळा गेलेला होता, नाक अर्धं, ओठाचा कोपरा ओढलेला. सुनीतानं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मागे सरकली. ताईचा आवाज काही कापला नाही. "घाबरली नं? घाबर. आज घाबर, म्हंजे पुढं घाबराचं काम नाही. मी तुह्या पोरीएवढी होतो तवा अशीच होतो. असेच ठिपके. माह्या मायले कोनी सांगतलं नाही. तुले मी सांगाले आली."

पायलचे वडील आले ते रागातच. "कोन तुमी? डॉक्टर हा का?" "नाही, भाऊ. मी डॉक्टर नोहे. डॉक्टरले दाखवा, एवढंच सांगून राह्यली. अन् तोवर हिले ऊन लागू देऊ नका. थोडंबी नाही." "आमी ऊसतोडीवाले. उन्हाले भेऊन आमचं कसं चालन?" "तुमी नका भेऊ! तुमच्या अंगात दुरुस्ती होते, हिच्या अंगात होत नसन. तुमी जा उसाले, हिले आजीपाशी ठेवा. घरात ठेवा. जगन ती, भाऊ! चांगली जगन! ऊन टाळलं तं माह्यावानी होनार नाही ती!" ती हे ओरडून सांगत होती, नगाऱ्यांच्या वर आवाज काढून, आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. त्या माणसानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि वाकून पोरीच्या तोंडावर टाकलं. त्याच आठवड्यात तो पोरीला घेऊन नागपूरला गेला. मिलिंद सोबत होता. आजार तोच निघाला.

ताईचा चेहरा पुढे कितीतरी दिवस सुजून होता. डॉक्टरबाई फोनवर तिच्यावर चिडल्या. ताई "हो, हो" म्हणत होती आणि मला डोळा मारत होती, होता तो एकच डोळा! त्यानंतरची वर्षं आमच्या घरात पायलची वर्षं झाली. तिच्या घराच्या खिडक्यांना कोणती फिल्म लावायची, कपड्यांचं सूत किती दाट पाहिजे, शाळेत बाक कुठे ठेवायचा, उन्हाशिवाय हाडांसाठी कोणतं औषध विचारून घ्यायचं, सगळं ताई फोनवरून चालवायची. एका गुरुजींनी खिडकीपासून बाक हलवायला टाळाटाळ केली, तर ताईनं त्यांना फोनवर अख्खी सासू-सुनेची रांग समजावली. दुसऱ्या दिवशी बाक हलला. पायल पहिली आली, ताई नाचली. पायलनं विज्ञानाच्या प्रदर्शनात ताईचीच रांग मुलींकडून करवून घेतली, तेव्हा ताईनं तो व्हिडिओ घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, पाववाल्यालाही. मधल्या काळात ताईच्या स्वतःच्या गाठी येत होत्या, काढल्या जात होत्या. शेवटची जिभेच्या टोकाला आली, मानेत उतरली. "साचलेलं हाय, मित्रा," ती म्हणाली, "किती दिवस ढकलनार? पन पाह्य नं, किती ढकललं!"

पंधरा दिवसांपूर्वी सुनीता पायलला घेऊन आली. पायल आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेला. अमरावतीला तपासणी करून परत जाताना दुपार पडली, म्हणून दोघी ताईच्या खोलीत थांबल्या. कुटाराच्या पिशव्या आम्ही अजून काढलेल्या नाहीत, दोन-तीन पिशव्यांना आपोआप गुच्छ फुटले आहेत. पायल ताईच्या खाटेवर बसून ते बघत राहिली. दाराच्या फटीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी झाला. तिनं घड्याळ पाहिलं, चष्मा काढला, स्कार्फ काढला, हातमोजे एकेक बोट सोडवत काढले आणि खाटेवर ठेवले. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि बोटांनी तिचं नाक चाचपलं, ओठांचे कोपरे चाचपले, पापण्या चाचपल्या. ठिपके आहेत, ते लहानपणचे. बाकी सगळं जिथल्या तिथं. "अवं, नाक कसं सरळ हाय तुह्यं!" सासूबाई म्हणाल्या. पायल तशीच उभी राहिली, त्यांचं बघून होईपर्यंत. मग अंगणात पळाली आणि तिथूनच ओरडली, "काकू, बाहेर या नं! काय मस्त हवा सुटली!"

जाताना हातमोजे ती विसरली. अंधार पडला होता, तिला ते लागणार नव्हते. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, माझ्याकडे आणखी जोडी आहे, पुढच्या वेळी नेईन. मी ते उचलून कपाटात ठेवायला गेले, तर सासूबाईंनी हात धरला.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "खाट भरल्यावानी दिसते."